मध्यमावर जरा थांबा!

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाशी जातो न जातो तोच आमच्या घरी निराळीच धामधूम सुरू होते. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा. एकदा उन्हाळ्यात, एकदा दिवाळीनंतर. यंदा आमची कन्या ‘मध्यमा प्रथम’ला बसते आहे. प्रारंभिक आणि दोन प्रवेशिका झाल्या. या मध्यमेनंतर दुसरी मध्यमा, मग दोन विशारद, त्यावर अलंकार. शिडी मोठी उंच!

ती उभारली ती दृष्टी अधू झालेल्या माणसाने. कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुस्करांच्या डोळ्यांना लहानपणी फटाक्याने इजा झाली, म्हणून त्यांना मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकायला धाडले. याच विष्णुबुवांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. ठरावीक वेळेचे वर्ग, स्वरलिपीची छापील पुस्तके, परीक्षा! आज यात नवल वाटत नाही. पण त्या काळी सभ्य घरातल्या मुलाने (मुलीची तर गोष्टच सोडा) तंबोऱ्याला हात लावणे म्हणजे कुळाला बट्टा. ‘शाळा’ म्हटल्यावर आईबापांचा जीव भांड्यात पडला. काही शिष्यांना तर बुवांनी वर्षानुवर्षे जवळ ठेवून तयार केले. विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, ओंकारनाथ ठाकूर ही सारी त्यांच्याच तालमीतली मंडळी. १९०८ मध्ये मुंबईत विद्यालय निघाले; पुढे तिथे स्वतःची इमारत झाली आणि कर्जापायी गेलीही. १९३१ साली बुवा गेले, आणि त्याच वर्षी शिष्यांनी हे मंडळ स्थापले.

आता शाळा आली की गुणपत्रिका आलीच. दहावीला शास्त्रीय संगीताच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात हे कळल्यापासून मीही, खोटे कशाला सांगू, कन्येच्या रियाजाकडे जरा अधिकच प्रेमाने पाहू लागलो आहे. भीमपलास विचारा, “आरोहात रे-ध वर्ज्य, गंधार-निषाद कोमल, वादी मध्यम,” सारे घडाघडा!

परवा तिला आणायला गेलो, तर गाण्याच्या बाई म्हणाल्या, “पाठ चोख आहे हो हिचं. पण मध्यमावर थांबतच नाही. नुसती पुढे पळते.”

“पण परीक्षेला चालेल ना?” मी विचारले.

बाई हसल्या. “परीक्षेला चालेल.”

वाटेत कन्या गप्प होती. रात्री उशिरा आतल्या खोलीतून मध्यम ऐकू आला. मी चकलीचा तुकडा तसाच हातात धरून दाराशी उभा राहिलो. पुढचा स्वर बराच वेळ आला नाही.