कमरेवरचा व्रण आणि त्वचेचा कर्करोग

बुलढाणा जिल्ह्यातील आठवडी बाजारांत धोतर नेसलेले वृद्ध शेतकरी आणि नऊवारी लुगड्यातील आजीबाई अजूनही भेटतात. चाळीस-पन्नास वर्षे रोज एकाच जागी आवळलेल्या वस्त्रामुळे कमरेवर काळसर, जाड पट्टा उमटतो. त्याला कोणी आजार समजत नाही आणि बहुधा तो नसतोही. परंतु क्वचित याच पट्ट्यावर न भरणारा व्रण होतो व त्याचे पर्यवसान त्वचेच्या कर्करोगात होते.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉ. वसंत रामजी खानोलकर व त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी १९४५ साली या ‘धोतराच्या कर्करोगा’ची नोंद केली. २०२४ साली वर्धा व मधुबनी येथील डॉक्टरांनी अशाच दोन वृद्ध स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली. एकीला परकराच्या नाडीखाली व्रण झाला होता, तर दुसरीला कित्येक वर्षे घट्ट नेसलेल्या लुगड्याखाली. दुसरीचा रोग जांघेतील गाठीपर्यंत पोहोचला होता.

त्वचेच्या वरच्या थरात तळाशी नव्या पेशी जन्मतात, वर सरकताना त्या चपट्या होतात आणि तळाशीच रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशीही असतात. या तीन प्रकारच्या पेशींपासून तीन मुख्य कर्करोग संभवतात. तळच्या पेशींचा, म्हणजे बेसल सेल कर्करोग, बहुधा चेहऱ्यावर चकचकीत पुटकुळीच्या रूपाने येतो. तो सावकाश वाढतो व सहसा दूर पसरत नाही. मात्र दुर्लक्ष झाल्यास नाक-पापणी पोखरतो. गोऱ्या वर्णाच्या लोकांत तोच सर्वाधिक आढळतो.

आपल्याकडे चपट्या पेशींचा, स्क्वेमस सेल कर्करोग विशेष महत्त्वाचा आहे. कमरेवरचा वरील कर्करोग याच प्रकारचा. जुन्या भाजल्याच्या वणावर किंवा वर्षानुवर्षे चिघळणाऱ्या जखमेवरही तो होतो. काश्मीरमध्ये पोटाशी धरलेल्या कांगडीच्या धगीने होणारा कर्करोगही त्याचाच भाऊबंद.

तिसरा मेलॅनोमा, रंगपेशींचा. तो सर्वांत घातक. सावळ्या वर्णामुळे आपल्याला उन्हापासून बरेच संरक्षण मिळते, परंतु तळपायाला किंवा नखाखाली ते लाभत नाही व मेलॅनोमा झालाच तर अनेकदा तेथेच होतो. शेतात अनवाणी वावरणारा माणूस ‘बाभळीचा काटा मोडला असेल’ म्हणून त्या काळ्या डागाकडे काणाडोळा करतो, आणि मोलाचे महिने निघून जातात.

चार आठवड्यांत न भरणारा, कडा जाड झालेला किंवा सहज रक्त येणारा व्रण गजकर्णाचे मलम लावत बसण्याजोगा नसतो. तो प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावा. तेथून जिल्हा रुग्णालयात पाठवणी होऊ शकते. जागा बधिर करून काढलेला लहानसा तुकडा तपासल्यावर निदान होते. रोग लहान असताना तेवढा भाग कापून काढणे बहुधा पुरते. गाठीत उतरल्यावर मोठी शस्त्रक्रिया व किरणोपचार लागू शकतात. विदर्भात नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालयात असे उपचार होतात.

लुगडे सोडा, असे कोणी सांगत नाही. सांगितले तरी ऐकणार कोण! नाडीऐवजी रुंद पट्टी वापरावी, गाठ रोज थोडी वर-खाली बांधावी, आणि कातडी सोलवटली असेल तर ती भरेपर्यंत वस्त्र सैल नेसावे.