बुटातला कूलर

वाशीममध्ये कूलर कधी आवरून ठेवायचा, हे कॅलेंडर पाहून ठरत नाही. मृगाच्या दोन-चार सरी पडून जातात आणि एखाद्या रात्री लक्षात येतं, की पंखा तोच, टाकी भरलेली, वाळ्याचा वासही तोच. पण गारवा काही लागत नाही. उलट चादर दमट होते, अंग चिकचिकतं. मग घरातलं कुणीतरी उठून आधी पाण्याचा पंप बंद करतं. दोन दिवसांनी कूलर गच्चीवर जातो.

मोटरसायकलवर घालायचे बूट घेताना हीच रात्र आठवायला हवी. बहुतेक जण दुकानात एकच प्रश्न विचारतात, ‘वॉटरप्रूफ आहेत का?’ विदर्भाच्या हवेत हा प्रश्न अर्धाच आहे. बाहेरचं पाणी आत येतं का, हे पाहायचं तसं आतलं पाणी बाहेर कसं जाणार, हेही पाहायला हवं.

आतलं पाणी थोडंथोडकं नसतं. दोन्ही पायांत मिळून सुमारे अडीच लाख घामाच्या ग्रंथी असतात, आणि तळव्यांवर व तळहातांवर त्या शरीरात सर्वांत दाट असतात. घाम नुसता सुटून उपयोग नसतो. तो उडून गेला तरच थंडावा येतो. एक ग्रॅम घाम उडताना त्वचेजवळची सुमारे २,४०० जूल उष्णता घेऊन जातो. माठ आणि कूलर याच हिशेबावर चालतात. आता कूलर लावताना समोरची खिडकी उघडी ठेवावी लागते, हे वऱ्हाडात लहान पोरालाही ठाऊक असतं. खोली बंद असेल तर दमट हवा तिथेच साचते. सर्व बाजूंनी बंद बूट म्हणजे खिडकी नसलेल्या खोलीत लावलेला कूलर.

वाशीम जिल्ह्यात फटफटी म्हणजे हौस कमी आणि नाइलाज जास्त. समृद्धी महामार्ग मालेगाव, मंगरूळपीर आणि कारंजा या तालुक्यांतून जातो खरा, पण त्यावर दुचाकीला बंदी आहे. त्यामुळे शिक्षक, टपाल वाटणारा, बियाण्यांच्या कंपनीचा प्रतिनिधी, गुरांचा डॉक्टर या सगळ्यांच्या वाट्याला अकोला–वाशीम–हिंगोली हा जुना रस्ता, रिसोडचा किंवा पोहरादेवीकडचा फाटा आणि शेवटी वावरापर्यंत नेणारी पांदण येते. एकाच बुटाने मे महिन्यातलं तापलेलं डांबर सोसायचं, ऑगस्टमधली झडही सोसायची आणि सोयाबीनच्या धुऱ्यावरचा चिखलही तुडवायचा.

आधी मे महिना. हवेचं तापमान ४३ अंश आणि त्वचेचं ३५ अंशांच्या आसपास. अशा वेळी वारा पायाला थंड करत नाही, तापवतो. जाळीचे बूट घातले की गार वाटेल, ही समजूत इथे फसते. जाळीतून येतो तो झळांचा झोत. त्यात खालून रस्ता, बाजूने एअर-कूल्ड इंजिन आणि उजवीकडे सायलेन्सर. सायलेन्सरच्या चटक्याची खूण उजव्या पोटरीवर मिरवणारे लोक गावोगाव आहेत. तरीही उन्हाळ्यात पायाच्या बाजूने एक गोष्ट असते: हवा कोरडी असते.

ती किती उपयोगी पडते, हे वाफेच्या दाबाच्या ढोबळ गणितातून दिसतं. बुटाच्या आत ३५ अंश तापमान आहे आणि हवा घामाने पूर्ण भरलेली आहे, असं धरू. तिथे बाष्पाचा दाब सुमारे ५.६ किलोपास्कल होतो. बाहेर मे महिन्यातली ४३ अंशांची, १५ टक्के आर्द्रतेची हवा असेल, तर तिच्यातल्या बाष्पाचा दाब जेमतेम १.३. फरक ४.३. या फरकाच्या जोरावरच वाफ बाहेर ढकलली जाते. आता ऑगस्टमधली झड घ्या: २७ अंश आणि आर्द्रता ९० टक्के. बाहेरचा दाब ३.२ आणि फरक फक्त २.४. तापमान सोळा अंशांनी उतरलं, तरी घाम बाहेर काढणारा जोर जवळपास निम्मा झाला. कूलर जूनमध्ये का हरतो आणि श्रावणात पाय का शिजल्यासारखे होतात, या दोन्हींचं उत्तर या एका वजाबाकीत आहे.

महागडे ‘वॉटरप्रूफ आणि ब्रीदेबल’ बूट नेमके इथेच अडतात. त्यांच्या अस्तरात एक पातळ पडदा असतो. त्याची गोष्ट १९६९ सालची. अमेरिकेत रॉबर्ट गोर टेफ्लॉनच्या तापवलेल्या कांड्या ओढून लांबवायचा प्रयत्न करत होते. टेफ्लॉन म्हणजे नॉनस्टिक तव्यावरचा तोच पदार्थ. हळूहळू ओढलं की कांडी तुटायची. वैतागून त्यांनी एकदा जोरात हिसका दिला आणि ती न तुटता कितीतरी पट लांबली. ताणलेल्या त्या पदार्थात असंख्य सूक्ष्म छिद्रं तयार झाली होती. पाण्याचा थेंब त्यांतून शिरू शकत नाही, वाफ मात्र जाते. गोर-टेक्स ते हेच. पण पडदा वाफेला वाट देतो, जोर देत नाही. जोर आतल्या-बाहेरच्या फरकातूनच यायचा. आल्प्समधल्या ८ अंशांच्या पावसात, आतली हवा तशीच धरली, तर तो फरक साडेचारच्या वर जातो. तिथे भरवशाचा ठरलेला बूट मालेगावच्या घाटात तितका चालेलच असं नाही, आणि त्यात बुटाची लबाडी नसते.

शिवाय पाणी बहुतेक वेळा तळातून किंवा शिवणीतून येत नाही, वरून येतं. पँट भिजते, ओघळ नडगीवरून थेट बुटात उतरतो. रेनकोटची पँट बुटात खोचणारा माणूस स्वतःच्या हाताने पन्हाळ लावून घेतो. ती बुटाच्या बाहेरून आली पाहिजे. एकदा का वॉटरप्रूफ बूट आतून भरला, की मग तो बादली होतो. पाणी आत न येऊ देणारा पडदा ते बाहेरही जाऊ देत नाही. अमेरिकी सैन्याने व्हिएतनाममध्ये वापरलेल्या ‘जंगल बूट’चा विचार उलटा होता. पाणी येणारच, मग ते निघून तरी जाऊ दे, म्हणून तळव्याच्या कमानीजवळ बारीक जाळीची भोकं ठेवलेली असत. मोसमी पावसाच्या मुलखाला हे डोकं जास्त मानवतं.

कास्तकाराला हे नवीन नाही. त्याच्या भाषेत ‘चिखल्या’ हा शब्द आहे. बोटांच्या बेचक्यातली कातडी पांढरी पडते, मऊ होते, सोलते, आग होते. नाव चिखलाचं असलं, तरी त्यासाठी चिखलच लागतो असं नाही. दिवसभर ओला राहिलेला मोजा पुरतो. सतत ओल राहिली की त्वचेचा वरचा थर पाणी पिऊन फुगतो, त्याचं घर्षण वाढतं, फोड येतात आणि फटीतून बुरशी शिरते. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या सैनिकांचे पाय गार ओलीने सडू लागले, त्याला ‘ट्रेंच फूट’ म्हटलं गेलं. उष्ण प्रदेशात कोमट पाण्यानेही पायांची अशी दैना होते. भारतात त्यात आणखी एक काळजी आहे. ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ असं नाव २०२० मध्ये मिळालेली, नायट्याची एक चिवट बुरशी इथे पसरली आहे. टर्बिनाफिन हे नेहमीचं औषध तिच्यावर अनेकदा चालत नाही. म्हणून मेडिकलमधून मनाने मलम आणून चोपडण्यापेक्षा डॉक्टरला पाय दाखवलेला बरा. मधुमेह असेल तर रोज रात्री तळवे पाहावेतच. बधिर पायाला चटकाही कळत नाही, फोडही कळत नाही.

वासाचं काय, असं घरचे विचारतीलच. घामाला स्वतःचा फारसा वास नसतो. जिवाणू त्यातली अमिनो आम्लं फोडतात आणि आयसोव्हॅलेरिक आम्लासारखी उग्र रसायनं तयार होतात. या विषयाने भारताला बक्षीसही मिळवून दिलं आहे. बुटांचा वास आणि चपलांचं कपाट यांवर काम करणारे विकास कुमार आणि सार्थक मित्तल यांना २०२५ चं इग नोबेल मिळालं. अतिनील किरणांचा दिवा बसवलेलं कपाट हा त्यांचा उपाय. हसायला लावणारं हे पारितोषिक विचारही करायला लावतं, तो हाच प्रकार.

इतकं सगळं असेल तर चप्पलच काय वाईट? ओली झाली तरी पाच मिनिटांत कोरडी. कायद्याचीही आडकाठी नाही. चप्पल घालून गाडी चालवल्यास दंडाची तरतूद नाही, असा खुलासा केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या कार्यालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये केला होता. पण देशात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यांतली सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. पायाचा घोटा हा गाडी आडवी पडताना तिच्याखाली सहज सापडणारा भाग. ऑस्ट्रेलियात लिझ डी रोम आणि सहकाऱ्यांनी अपघातग्रस्त मोटरसायकलस्वारांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात साधे जोडे किंवा धावण्याचे बूट घालणाऱ्यांच्या तुलनेत उंच बूट घालणाऱ्यांना पावलाची आणि घोट्याची दुखापत होण्याचा धोका निम्म्याहूनही कमी आढळला. हे उंच बूट खास मोटरसायकलचे नव्हते. वाशीमच्या बाजारपेठेच्या दृष्टीने ही फार मोलाची गोष्ट आहे. खास बायकिंगचे बूट पाहायला अकोला किंवा नागपूर गाठावं लागेल. पण घोटा झाकणारा, नाडीचा, मजबूत कामगारी बूट जवळपास मिळतो.

गमबूटही मिळतो, आणि पेरणीच्या दिवसांत घोणशीच्या भीतीने तो घालणं शहाणपणाचंच. पण तो वावरात. रस्त्यावर पडल्यावर ढिला गमबूट पायातून निसटतो आणि घोट्याला आधार शून्य. त्याच्या पीव्हीसीतून वाफ बाहेर जात नाही. तासाभरात मोजा पिळून काढावा लागतो.

कामगारी बुटांसाठी आपल्याकडे आयएस १५२९८ हे मानक आहे. त्याच्या दुसऱ्या भागातल्या सेफ्टी शूजची पुढची टोपी २०० जूलचा आघात सोसते. रस्त्यावर घसटण्याची परीक्षा मात्र यात नाही. ती युरोपातल्या ईएन १३६३४ या मोटरसायकल बुटांच्या मानकात आहे. त्या बुटांच्या लेबलवर चार आकडे असतात: उंची, घर्षण, कापलं जाण्याला विरोध आणि आडव्या दाबाला टिकाव. प्रत्येक ठिकाणी १ किंवा २. शेजारी ‘डब्ल्यूआर’ असेल तर पाणी रोखण्याची चाचणी झालेली असते आणि ‘बी’ असेल तर वरच्या भागातून वाफ जाण्याची. दुकानदार ‘इम्पोर्टेड आहे साहेब’ म्हणेल, तेव्हा ते चार आकडे शोधावेत.

मापाचा घोळ वेगळाच. आपल्याकडे बुटांवर ब्रिटिश, युरोपीय, अमेरिकी आकडे छापलेले असतात आणि भारतीय पाऊल त्यांच्या मानाने रुंद असतं. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ दरम्यान देशभरातल्या एक लाखाहून जास्त लोकांची पावलं मोजली आणि ‘भा’ नावाची भारतीय मापपद्धती सुचवली. बूट चवड्यावर आवळत असेल तर लोक एक नंबर मोठा घेतात. मग टाच आत सरकत राहते आणि तिथे फोड येतो. त्यापेक्षा रुंद साचा मागावा. पाय दिवसभरात सुजतात, म्हणून खरेदी संध्याकाळी करावी, नेहमीचे मोजे घालून. आणि शक्य तर तो बूट घालून गाडीवर बसावं. रोजच्या वापराच्या बऱ्याच मोटरसायकलींना पुढे-मागे दाबायचा गिअर असतो. जाड टोकाचा बूट तिथे चालून जातो, कारण टोक दांड्याखाली घालावं लागत नाही. नुसता पुढचाच दांडा असलेल्या गाडीवर स्टीलची टोपी त्याच्याखाली सहज शिरत नाही.

तळव्याची खाच किती खोल असावी, यावर दुकानात बरंच बोललं जातं. काळ्या मातीत त्याला फारसा अर्थ नाही. या मातीतल्या चिकणमातीचे सूक्ष्म थर पाणी पिऊन फुगतात आणि दिसेल त्याला चिकटतात. खोल, दाट खाचा चार पावलांत भरून जातात आणि तळ गुळगुळीत होतो. खाचा रुंद, मोकळ्या हव्यात आणि गाडीवर बसण्याआधी काडीने चिखल खरवडायला हवा, नाहीतर ब्रेकवरून पाय सटकतो.

मग घ्यावं काय? या लेखाचा कल सरळ आहे. घोट्याच्या वर जाणारा, पडदा नसलेला, चामड्याचा किंवा जाड कापडाचा बूट घ्यावा. पावसासाठी त्यावरून चढवायचं वेगळं रबरी कव्हर डिकीत असावं. कव्हर लवकर फाटतं, पण पाऊस उघडला की ते काढता तरी येतं. वॉटरप्रूफ अस्तर पावसाच्या उघाडीतही काढता येत नाही. चामडं घामाची वाफ शोषून घेऊन सावकाश बाहेर सोडतं, म्हणून ते बंद असूनही सुसह्य वाटतं. मोज्यांच्या बाबतीत सुताचा हट्ट सोडावा. सूत ओल धरून बसतं. हवेतली ओल शोषण्याचं प्रमाण पॉलिस्टरचं ०.४ टक्के, सुताचं साडेआठ आणि लोकरीचं सोळाच्या आसपास. वाशीमच्या ऑगस्टमध्ये लोकरीचे मोजे म्हटल्यावर हसू येईल, पण पातळ मेरिनो लोकर ओली झाली तरी पायाला चिकटत नाही. ते महाग वाटले तर पॉलिस्टर मिश्रणाचे दोन जोड, एक पायात आणि एक प्लास्टिकच्या पिशवीत.

जपून ठेवलेल्या बुटांपासून मात्र सावध. अनेक बुटांचे हलके तळवे पॉलियुरेथेनचे असतात. उष्ण, दमट हवेत पाण्याचे रेणू त्याच्या साखळ्या तोडत राहतात. खोक्यात न वापरता ठेवलेला बूटही काही वर्षांत असा खंगतो आणि एखाद्या दिवशी बसस्टँडसमोर तळवा बिस्किटासारखा चुरतो. रबरी तळव्याला हे दुखणं नाही.

भिजलेला चामडी बूट उन्हात किंवा चुलीपाशी ठेवू नये. चामड्यातले तंतू घाईने वाळताना एकमेकांना चिकटतात आणि ते लाकूड होतं. आतला सुकतळा काढावा, नाड्या सैल कराव्यात, बूट पंख्याखाली आडवा टाकून आत कागदाचे बोळे कोंबावेत. कागदाचे तंतू पाणी ओढून घेतात. दोन तासांनी बोळे ओले होतात, ते बदलावेत. गुळगुळीत छपाईचा कागद पाणी पीत नाही. साधा वृत्तपत्राचा हवा. रविवारच्या पुरवणीत एक जोड रात्रभरात वाळतो, हे पान धरून.