मांजराचे दुखणे

बैलाने पाय जरा झटकला, तरी आमच्या गावात ते दहा माणसांच्या लक्षात येते. गाय रवंथ करीनाशी झाली, की गुरांच्या डॉक्टरांना निरोप जातो. मांजराचे मात्र तसे नाही. ते कोपऱ्यात बसून राहू लागले, की "वय झालं आता," एवढ्या एका वाक्यात प्रकरण मिटते. आमच्या घरची मनी चौदा वर्षांची आहे. गेल्या वर्षभरात तिच्या दुखण्याच्या निमित्ताने जे वाचले, विचारले आणि पाहिले, ते येथे मांडत आहे. कला शाखेच्या विद्यार्थिनीने मांजराच्या सांध्यांवर लिहावे याचे काहींना हसू येईल, येवो बापडे!

पहिली अडचण अशी, की मांजर दुखणे लपवते. ते स्वतः शिकारी खरे, पण लहान चणीमुळे दुसऱ्याची शिकारही होऊ शकते. दुबळेपण उघडे पडणे त्याला परवडत नाही. म्हणून ते सहसा विव्हळत नाही. मांडीवर घुरघुरते म्हणजे खुशीत आहे, असेही धरून चालता येत नाही. वेदनेत असलेले मांजरही घुरघुरते.

तेव्हा मांजर काय करते यापेक्षा त्याने काय करायचे सोडले, हे पाहावे लागते. मनी पूर्वी जमिनीवरून एका उडीत फळीवर जाई. मग ती आधी ज्वारीच्या पोत्यावर, तेथे थोडे थांबून, नंतर फळीवर जाऊ लागली. पुढे फळी सुटलीच. पाठीवरच्या केसांच्या गुठळ्या झाल्या, कारण मान वळवून तेथपर्यंत चाटणे तिला जमेना. दाराची चौकट ओरबाडणे बंद झाल्याने नखे वाढून वळली. अशी नखे पंजाच्या गादीतच रुततात. यातले काहीही एका दिवसात झाले नाही, म्हणूनच ते कोणाला दिसले नाही.

म्हाताऱ्या मांजरात सांध्यांची झीज फार आढळते. २००२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत बारा वर्षांवरील १०० मांजरांची क्ष-किरण चित्रे तपासली, तेव्हा ९० मांजरांत झीज दिसली. पण चित्रात झीज दिसते तेवढेच दुखते असे नाही, आणि दुखते तेथे झीज दिसेलच असेही नाही. शिवाय मूत्रपिंडाचा विकार, किडलेले दात, थायरॉइड ग्रंथीचा विकार (यात मांजर भरपूर खाऊनही वाळत जाते) अशी इतर कारणे असतात. मनीला आम्ही एस.टी.ने जिल्ह्याच्या गावी नेले. मांजरासाठी एवढा प्रवास करणारी माणसे आमच्या घराण्यात पहिलीच, असे अण्णा म्हणाले. रक्त ठीक निघाले, दात ठीक निघाले, कण्यात थोडी झीज दिसली. पण एक दिवस ती चांगली हिंडते आणि दुसऱ्या दिवशी अंग आखडून बसते, याचा उलगडा त्यातून होत नाही, असे डॉक्टरांनी सरळ सांगितले.

वेदना मोजण्याची एक रीत माँट्रियल विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये मांडली. कान, डोळे, तोंडाचा ताण, मिशा आणि डोक्याची ठेवण या पाच गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण द्यायचे. ही रीत मुळात अचानक उद्भवणाऱ्या वेदनेसाठी आहे. जुन्या दुखण्यात घरच्या माणसाची नजरच अधिक कामाची. दवाखान्यात मांजर भीतीने ताठ होते आणि लंगडत नाही. म्हणून घरातील चालणे मोबाइलवर टिपून डॉक्टरांना दाखवावे.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगायची आहे. माणसाची पॅरासिटॅमॉलची गोळी मांजराला कधीही देऊ नये, अर्धी नाही आणि पावही नाही. ती निकामी करणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात फारच अपुरी असते; रक्तातील तांबड्या पेशी प्राणवायू वाहीनाशा होतात आणि मांजर दगावते. दुखऱ्या जागी बाम चोळणेही नको, कारण मांजर तो चाटते. डॉक्टरांनी वजनाप्रमाणे मोजून दिलेले थेंबच द्यावेत.

बाकी उपाय साधे आहेत. मनीचे अन्नपाणी आता जमिनीवरच असते. राखेचे घमेले काढून उथळ पाटी ठेवली. चुलीजवळ गोणपाटाची घडी आहे, कारण उबेने सांधे सैल होतात. वजन दर रविवारी वाण्याच्या काट्यावर पिशवीत बसवून करतो. तीन किलोच्या जिवाचे तीनशे ग्रॅम घटणे म्हणजे साठ किलोच्या माणसाचे सहा किलो घटण्यासारखे आहे.

शिवाय एक वही घातली आहे. आजीला अक्षर येत नाही, म्हणून खुणा ठरविल्या: खाल्ले तर रेघ, पोत्यावर चढली तर टिंब. मी कॉलेजात असते तेव्हा वही आजीच भरते. मागच्या पंधरवड्यात सलग नऊ टिंबे आहेत, त्यानंतर चार दिवस नुसत्या रेघा. रेघाही थांबल्या तर काय करायचे, हे मी डॉक्टरांना विचारून ठेवले आहे. आजीजवळ तो विषय अजून काढलेला नाही. येत्या सोमवारी वही घेऊन पुन्हा जायचे आहे.