लक्षणांची निवड : एका स्फटिकाच्या निमित्ताने

लक्षण सांगताना अव्याप्ती, अतिव्याप्ती आणि असंभव हे तीन दोष टाळावेत, ही न्यायशास्त्राची शिस्त साहित्याच्या अभ्यासकास परिचित आहे. संगणकाकरवी सेंद्रिय अर्धवाहक शोधणाऱ्या वैज्ञानिकांपुढे आज जवळपास हाच प्रश्न उभा आहे.

पेंटासीनचे उदाहरण घ्यावे. बेंझिनची पाच वलये एका ओळीत जोडलेला हा चपटा रेणू. त्याच्या स्फटिकात रेणू माशाच्या काट्याप्रमाणे परस्परांशी तिरपे बसतात. २००१ मध्ये जॉन अँथनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मधल्या वलयास दोन्ही बाजूंनी सिलिकॉनयुक्त अवजड गट जोडले. कणा तोच राहिला. मांडणी मात्र सांधे चुकवून रचलेल्या विटांच्या भिंतीसारखी झाली. विद्युतभाराचे वहन शेजारचे रेणू परस्परांवर कसे येतात यावर अवलंबून असल्याने हा फरक किरकोळ नव्हे. ‘पाच वलयांचा कणा’ हे लक्षण दोन्ही स्फटिकांना लागू पडते. ही उघड अतिव्याप्ती.

मग शेकडो लक्षणे नोंदवावीत काय? नमुने थोडे व लक्षणे फार असली, की यंत्र योगायोगालाच नियम समजते. रॉबर्ट टिबशिरानी यांची ‘लॅसो’ पद्धत (१९९६) बहुतेक लक्षणांचा भार शून्यावर आणून मोजकीच ठेवते. परंतु दोन लक्षणे नेहमी जोडीने आढळत असतील, तर ती पुष्कळदा एक ठेवून दुसरे टाकते, आणि टाकलेलेच खरे कारण असू शकते. अग्नीवरून धुराचे अनुमान करणारा नैयायिकांच्या उदाहरणातील माणूस ओले इंधन विसरतो, तसेच हे. परिचित रेणूंविषयीचे भाकीत तरीही बरोबर येते. फसगत होते ती नवा रेणू घडवणाऱ्याची; त्याच्या घडणीत कित्येकदा महिने जातात, आणि चूक कळते ती त्यानंतर.