डेस्कटॉप नवा, लिनक्स तेच

लिनक्सचे रूप आवडले नाही की अनेक जण सगळी प्रणालीच पुसून दुसरी बसवतात. बहुतेक वेळा एवढा खटाटोप लागत नाही. पडद्यावर दिसते ते डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट (पट्टी, मेनू, खिडक्या, सेटिंग्ज यांचा संच). ते कर्नलपासून (यंत्रसामग्री चालवणारा गाभा) वेगळे असते. नाट्यगृह तेच, नेपथ्य निराळे. १९९६ साली सुरू झालेले केडीई आणि १९९७चे ग्नोम हे दोन डेस्कटॉप एकाच संगणकावर नांदू शकतात.

उबुंटू या लिनक्स प्रणालीवर ग्नोम असताना एक्सएफसीई हा दुसरा डेस्कटॉप बसवा, लॉग-आउट करा आणि आपल्या नावावर क्लिक करा. पासवर्डच्या पडद्यावर खाली उजव्या कोपऱ्यात दातेरी चाक दिसते; तिथे नवा डेस्कटॉप निवडायचा. फोटो, कागदपत्रे जागच्या जागी राहतात. परतायचे तर पुन्हा तेच चाक. कमी रॅमच्या जुन्या यंत्राला एक्सएफसीई चांगले मानवते.

मात्र मेनूत दोन-दोन टेक्स्ट एडिटर दिसू लागतात. कधी थीम आणि आयकॉनची सरमिसळही होते, कारण दोन्ही डेस्कटॉपच्या काही सेटिंग्ज होम फोल्डरमधल्या त्याच लपलेल्या फाइलींत असतात. ही किरकिर नको असेल, तर प्रयोगासाठी वेगळे युजर खाते उघडावे. पुढे ते खाते काढले, तरी बसवलेली पॅकेजेस मात्र स्वतंत्रपणे काढावी लागतात.