'नॉट' नेमका कुणाला नाकारतो?

१६३१ साली लंडनमध्ये छापलेल्या बायबलच्या एका आवृत्तीत तीन अक्षरांचा एक शब्द गळाला. दहा आज्ञांपैकी व्यभिचाराला मनाई करणाऱ्या आज्ञेतला 'नॉट' छापायचा राहिला आणि परमेश्वरच व्यभिचाराचा हुकूम देतोय, असा मजकूर तयार झाला. बोभाटा राजापर्यंत गेला. राजाचे मुद्रक रॉबर्ट बार्कर आणि मार्टिन लुकास यांना ३०० पौंडांचा दंड झाला.

नकार गळला की वाक्य उलटतं, हे उघडच आहे. खरी गंमत आहे ती 'नॉट' वाक्यात असूनही नेमकं काय नाकारतो, यात. शाळेत 'नॉट म्हणजे नाही' एवढ्यावर आपली बोळवण होते, आणि नेमकं हेच सांगायचं राहून जातं.

मुळात हा शब्द उपरा. जुन्या इंग्रजीत नकाराचं काम क्रियापदाआधी येणारा 'ने' करायचा. जोर द्यायचा तर वाक्यात 'काहीही नाही' अशा अर्थाचा आणखी एक शब्द घालत. तोच झिजून 'नॉट' झाला. पुढे 'ने' गळून पडला आणि मदतनीसच मालक होऊन बसला. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन यांनी १९१७ मध्ये अशी अदलाबदल इतर भाषांतही दाखवून दिली. फ्रेंचमधल्या 'पा'चा मूळ अर्थ 'पाऊल'; आज फ्रेंच लोक बोलताना बहुतेकदा त्या एकट्यावरच नकार भागवतात.

शेक्सपियरच्या काळी 'आय नो नॉट' सहज चालायचं. नंतर 'डू' मध्ये आला. 'कॅन', 'मस्ट', 'इज' यांना मात्र त्याची गरज पडली नाही. त्यांच्यामागे 'नॉट' थेट येतो. आणि घोळ होतो तो इथेच. 'यू कॅनॉट गो' म्हणजे तुला जाता येणार नाही. नाकारली ती शक्यता. 'यू मस्ट नॉट गो' म्हणजे तू जाऊ नकोस. इथे सक्ती कायम आहे, नाकारलंय ते जाणं. 'नॉट'ची जागा तीच, पण मार वेगळ्या शब्दावर. 'जायलाच हवं असं नाही' हे 'मस्ट नॉट'ने सांगता येत नाही. त्यासाठी 'यू डोन्ट हॅव टू गो' म्हणावं लागतं. मराठीत 'जाऊ नकोस' आणि 'जायची गरज नाही' यांत गल्लत होत नाही, म्हणून इंग्रजीतला हा खड्डा आपल्याला दिसत नाही.

'ऑल द स्टुडंट्स डिड नॉट पास' हे तर इंग्रजांनाही चकवतं. एकही पास झाला नाही, की सगळेच झाले नाहीत? आपलं 'सगळे विद्यार्थी पास झाले नाहीत' हेही तितकंच निसरडं. लिहिताना 'नॉट ऑल' किंवा 'नन' वापरावं, वाद मिटतो.

'नॉट अनकॉमन' अशा दुहेरी नकाराची जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४६ च्या एका निबंधात टर उडवली होती. मला ते पुरतं पटत नाही. 'दुर्मीळ नाही' आणि 'नेहमीचं' यांत फरक आहे, आणि कधीकधी तोच सांगायचा असतो.

आपल्याला सर्वांत जास्त अडवतं ते उत्तर देणं. 'जेवला नाहीस का?' असं कुणी विचारलं, की आपण 'हो, अजून नाही जेवलो' म्हणून जातो. हा 'हो' विचारणाऱ्याच्या अंदाजाला असतो. इंग्रजीत 'यस' किंवा 'नो' ठरतं ते उत्तराच्या वाक्यावरून: जेवलो नाही, तर 'नो', जेवलो, तर 'यस', प्रश्न कसाही विचारलेला असो. त्यामुळे 'डिडन्ट यू गेट द मेल?' याला मेल मिळाला नसताना नुसतं 'यस' म्हटलं, तर समोरचा तो मिळाला असंच समजून पुढे जातो. तेव्हा फोनवर किंवा मुलाखतीत नकारार्थी प्रश्न आला, तर 'यस'वर थांबू नका. 'नो, आय डिडन्ट' असं पुरतं बोला.