पडद्याआडची हाडे

मुंबई इलाख्यातील नाशिक भागात मुडदुसाची पाहणी करून डॉ. हचिसन व डॉ. शाह यांनी 1922 साली जो निष्कर्ष प्रसिद्ध केला, तो सकस आहाराविषयीच्या रूढ समजुतींना धक्का देणारा होता; कारण ज्यांच्या घरी दूधतुपाची ददात नव्हती अशा सुखवस्तू कुटुंबांतील पडदानशीन स्त्रिया व त्यांची बालके या व्याधीने ग्रस्त आढळली, आणि जाड्याभरड्या अन्नावर गुजराण करीत उघड्यावर वावरणारी गरीब रयतेची मुले मात्र तिच्यापासून बहुतांशी मुक्त होती.

दुधात कॅल्शियम विपुल असले तरी ड जीवनसत्त्व जवळजवळ नसते, ते मुख्यतः त्वचेवर पडणाऱ्या उन्हाने शरीरातच निर्माण होते. आणि त्याचा तुटवडा असता आतडी अन्नातील कॅल्शियमचा जेमतेम दहा-पंधरा टक्के वाटा शोषून घेतात, जो एरवी तीस टक्क्यांच्याही पुढे जातो. शरीरातील सुमारे एक किलो कॅल्शियमपैकी 99 टक्के अस्थींच्या खजिन्यात जमा असते खरे. परंतु हृदयाच्या व स्नायूंच्या आकुंचनास त्याची क्षणोक्षणी गरज असल्यामुळे, रक्तातील पातळी किंचित खालावताच पराअवटू ग्रंथींच्या हुकमाने तेथून उचल सुरू होते, आणि भरणा होत नसेल तर शिल्लक वर्षानुवर्षे मुकाट्याने घटत जाते. अस्थिमार्दव, म्हणजे हाडे मऊ पडण्याचा विकार, झालेल्या स्त्रियांना जिना चढणे वा बैठकीवरून उठणे जड जाते, ते केवळ हाडे दुखतात म्हणून नव्हे. मांड्यांचे व कटीचे स्नायूही ड जीवनसत्त्वाच्या त्याच अभावाने दुर्बळ झालेले असतात.

कॅल्शियमसाठी दुधाचाच धोशा लावण्याचे कारण नाही. प्रौढास दिवसाकाठी सुमारे 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम हवे असते. 100 मिलिलिटर गाईच्या दुधात ते 120 च्या आसपास, तर 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या घरात असते. नाचणीतील फायटेट त्याच्या शोषणाला अडसर करते हे मान्य. पण मोड आणून सत्त्व काढण्याच्या आपल्या गृहिणींच्या पद्धतीने तो अडसर पुष्कळसा कमी होतो. तिळाची चटणीही या कामी उपेक्षणीय नाही.

अस्थीच्या वजनाचा सुमारे तिसरा हिस्सा मात्र क्षारांचा नसून मुख्यतः कोलाजेन या प्रथिनाचा असतो, आणि स्नायूंचे तर सारे बळच प्रथिनांवर उभे. साठ किलो वजनाच्या माणसास रोज सुमारे 50 ग्रॅम प्रथिने लागतात, व डाळभाताच्या जोडीत एका धान्यातील उणीव दुसरे भरून काढते. पुष्कळ घरांत वृद्धांस रात्री नुसता मऊ भात वाढतात. पचनाच्या काळजीपोटी वाढलेल्या त्या ताटात वरण, दही वा अंडे नसेल, तर झिजणाऱ्या स्नायूंची भरपाई होत नाही, तोल सावरत नाही, आणि न्हाणीघरातल्या एका घसरण्याने खुब्याचे हाड मोडते.